बाबांचा केरास रिपोर्ट आणि ‘नॅनो’ उपचाराचा प्रश्न

घोडबंदर रोडला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. वडील ६१ वर्षांचे. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागात, सिग्मॉइडमध्ये, कॅन्सरची गाठ होती. ती अडीच महिन्यांपूर्वी काढली. लिव्हरच्या उजव्या भागात तीन डाग आहेत, सर्वांत मोठा २ सेंटिमीटरचा. ऑक्सॅलिप्लॅटिनवाल्या केमोच्या दोन सायकल झाल्या आणि बाबा आता तिसरीला नको म्हणतात. फ्रिजला हात लावला की करंट बसल्यासारखं होतं, गार पाणी घशाखाली उतरत नाही. गाठीच्या जनुकीय तपासणीत ‘केरास जी१२डी पॉझिटिव्ह, एमएसएस’ आलं, आणि डॉक्टरांनी टार्गेटेड इंजेक्शन देता येणार नाही असं सांगितलं. अशात एका नातेवाइकाने नवी मुंबईतलं एक ठिकाण सुचवलं. तिथे म्हणे नॅनो औषध थेट गाठीत जातं, चांगल्या पेशींना धक्का लागत नाही. पॅकेज साडेचार लाखांचं, आणि त्याआधी केमो बंद करायची. ताई विचारतात: केरास म्हणजे काय, ते आम्हा भावंडांतही आलंय का? इंजेक्शन का नाही? आणि नॅनोवर पैसे घालायचे का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यात दिवस घालवून चालणार नाही. केमो थांबवू नका. मूळ गाठ निघालेली आहे आणि लिव्हरमध्ये तीनच डाग आहेत, तेही एका बाजूला. हा आजार चौथ्या टप्प्यात मोजला जात असला तरी तो शस्त्रक्रियेच्या आवाक्यातला असू शकतो. असे डाग पूर्णपणे काढता आले तर शंभरातले साधारण चाळीस रुग्ण पाच वर्षांनंतरही आपल्यात असतात, आणि त्यातल्या काहींचा आजार पुन्हा कधीच परतत नाही. चौथ्या टप्प्यातल्या फार थोड्या कॅन्सरबद्दल असं बोलता येतं. पण ही संधी काही महिन्यांपुरतीच असते.

आता केरास. ते समजायला आतड्याचं अस्तर डोळ्यांसमोर आणावं लागेल. हे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. त्यात लाखो सूक्ष्म विहिरी असतात आणि प्रत्येक विहिरीच्या तळाशी मूळ पेशी. तिथे जन्मलेली पेशी हळूहळू वर सरकते, काठाशी येते आणि गळून पडते. तळाशी असताना तिला वाढायचा हुकूम असतो, वर येता येता तो हुकूम मागे घेतला जातो. हुकूम देणारा एक महत्त्वाचा रेणू म्हणजे बीटा-कॅटेनिन. तो पेशीत सतत तयार होतो आणि सतत उचलून नष्टही केला जातो. उचलणाऱ्या पथकात एपीसी नावाचं प्रथिन असतं. आपल्याकडे चार दिवस घंटागाडी आली नाही की जिन्याखाली काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. एपीसी बिघडलं की पेशीत नेमकं तेच होतं. बीटा-कॅटेनिन साचत जातो, केंद्रकात शिरतो आणि वाढीची जनुकं चालू करतो. पेशी काठावर आली तरी तिचं विभाजन थांबत नाही, आणि तिथे पॉलिप उगवतो. मोठ्या आतड्याच्या दहापैकी सुमारे आठ कॅन्सरमध्ये एपीसी बिघडलेलं असतं.

पॉलिप म्हणजे कॅन्सर नव्हे. तिथून पुढे एकेक कडी तुटत जाते, अशी मांडणी १९९० साली अमेरिकेतल्या फिअरॉन आणि फोगेलस्टाइन या दोन शास्त्रज्ञांनी केली. पहिला बिघाड पाचव्या गुणसूत्रावर (तिथलं जनुक एपीसी असल्याचं पुढच्याच वर्षी कळलं), मग केरास, मग अठराव्या गुणसूत्राचा तुकडा, आणि शेवटी पेशीचा पहारेकरी असलेलं पी५३. प्रत्येक रुग्णात हाच क्रम असतो असं नाही, हे नंतर दिसून आलं, पण गाभा टिकला. पॉलिपपासून कॅन्सरपर्यंतच्या या वाटेला बहुधा दहाएक वर्षं लागतात. म्हणूनच कोलोनोस्कोपीत पॉलिप वेळेवर काढला तर कॅन्सर होण्याआधीच टळतो. तुमच्या भावंडांसाठी मी पुढे जे सांगणार आहे ते यावरच उभं आहे.

केरास हे पेशीच्या आतलं एक बटण आहे. पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर ईजीएफआर नावाचा रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारं प्रथिन, असतो. त्याला बाहेरून ‘वाढ’ असा निरोप मिळाला की आत केरास चालू होतं, निरोप पुढे देतं, आणि लगेच स्वतःहून बंद होतं. बंद होण्यासाठी त्याला स्वतःला चिकटलेला जीटीपी नावाचा रेणू तोडावा लागतो. तोडायला मदत करणारं दुसरं प्रथिन ज्या फटीतून बोट आत घालतं, तिथे बाराव्या जागी ग्लायसिन असतं. हे सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, म्हणून तिथे जागा मोकळी राहते. तुमच्या बाबांच्या गाठीत जनुकातलं एकच अक्षर बदललंय, जीजीटीचं जीएटी झालंय. त्यामुळे ग्लायसिनऐवजी जरा मोठं ॲस्पार्टिक आम्ल येऊन बसलं, फट अडली, आणि बटण चालूच राहिलं. जी१२डी म्हणजे एवढंच. शंभर रुग्णांमागे चाळीसेक जणांत केरासचा असा कुठला तरी बदल सापडतो, तेव्हा बाबांच्या वाट्याला काही दुर्मीळ आलंय असं समजू नका.

सेटुक्सिमॅब आणि पॅनिटुमुमॅब ही टार्गेटेड इंजेक्शनं बाहेरच्या ईजीएफआरला झाकतात. दाराबाहेर कुणाला बेल वाजवू न देण्यासारखं ते आहे. इथे बटण आतूनच अडकलंय, म्हणून बाहेर पहारा बसवून उपयोग नाही. आणि केवळ उपयोग नाही एवढ्यावर ते थांबत नाही. केरास बदललेल्या रुग्णांना ऑक्सॅलिप्लॅटिनबरोबर ही औषधं दिली तेव्हा काही मोठ्या चाचण्यांत त्यांची तब्येत उलट जास्त बिघडली. तुमच्या डॉक्टरांनी नाही म्हणून बाबांचं रक्षणच केलंय. त्याऐवजी बेव्हासिझुमॅब, म्हणजे गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं इंजेक्शन, केमोबरोबर देता येतं. त्याला केरासची आडकाठी नाही. फक्त लिव्हरच्या ऑपरेशनच्या साधारण सहा आठवडे आधी ते थांबवावं लागतं.

केरासवर थेट औषधच बनणार नाही असं आम्ही कित्येक वर्षं धरून चाललो होतो. त्या प्रथिनाचा पृष्ठभाग गुळगुळीत, औषधाला धरायला खोबण कुठे दिसत नव्हती. २०१३ साली अमेरिकेतले शास्त्रज्ञ केवन शोकाट यांच्या गटाला जी१२सी या, त्याच बाराव्या जागेवरच्या भावंड-बदलात एक खोबण सापडली, आणि २०२१ मध्ये सोटोरासिब हे औषध फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी आलं. आतड्याच्या कॅन्सरमध्ये मात्र ते एकट्याने फारसं चाललं नाही. इथली पेशी केरास दाबलं की ईजीएफआरचा जोर वाढवून दुसरी वाट काढते. म्हणून आतड्यासाठी सोटोरासिब आणि पॅनिटुमुमॅब जोडीनेच द्यावं लागतं, आणि या जोडीला अमेरिकेत जानेवारी २०२५ मध्ये मान्यता मिळाली. एकच बिघाड, पण अवयव बदलला की औषधाचं वागणं बदलतं. जाहिरातीत ‘कॅन्सरवर’ असा मोघम शब्द वाचला की मला हेच आठवतं. जी१२सी आतड्याच्या कॅन्सरमध्ये शंभरात तीनेक जणांतच असतो. जी१२डीवरची औषधं अजून चाचण्यांत आहेत, आणि मला त्यांच्याकडून खरोखर आशा आहे.

एमएसएसचा अर्थ असा की डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका सुधारणारी यंत्रणा बाबांच्या गाठीत शाबूत आहे. ती बिघडलेली असती तर इम्युनोथेरपी फार चांगली लागू पडली असती. एमएसएस गाठीत ती एकटी सहसा काम करत नाही. पण याची दुसरी बाजू तुमच्या सोयीची आहे. ही यंत्रणा शाबूत असल्यामुळे लिंच सिंड्रोम या आनुवंशिक आजाराची शक्यता बरीच कमी होते. आणि केरासचा बदल फक्त गाठीच्या पेशींत झालेला आहे, तो बाबांच्या जन्मापासूनचा नाही आणि तुमच्यात उतरत नाही. तरीही सख्ख्या नात्यात आतड्याचा कॅन्सर झाला की आपला धोका थोडा वाढतो. तुम्ही भावंडांनी चाळिशीला, किंवा चाळिशी उलटली असेल तर आत्ताच, कोलोनोस्कोपी करून घ्या. घरात आणखी कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल तर ते मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा.

आता नॅनो. या विषयावर मला मनापासून लिहायचंय, कारण हे शास्त्र खोटं नाही. खारघरला शिकत असताना मी नॅनो कणांचे उंदरांवरचे प्रयोग जवळून पाहिले आहेत, आणि तेव्हा मीही भारावून गेले होते.

पहिली गोष्ट अशी की नॅनो हे औषधाचं नाव नाही, ते औषधाचं वाहन आहे. केसाची जाडी साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर धरली, तर ही वाहनं बहुतेक १०० नॅनोमीटरच्या आसपासची. आत कुठलं औषध भरलंय हे सांगितल्याशिवाय ‘नॅनो दिलं’ या वाक्याला अर्थ नाही. तुमच्या ओळखीत कुणी ना कुणी हे वाहन वापरलेलंही असेल. २०२१ च्या मे महिन्यात म्युकरमायकोसिस झालेल्यांचे नातेवाईक लायपोसोमल अँफोटेरिसिनच्या वायल्ससाठी ठाण्यापासून दादरपर्यंत दुकानं पालथी घालत होते, ते नॅनो-औषधच. साधं अँफोटेरिसिन, म्हणजे बुरशीवरचं औषध, किडनीला जबर मारतं. चरबीच्या सूक्ष्म पुडीत बांधून दिलं की किडनी पुष्कळ वाचते. तशी भारतीय पुडी मुंबईच्या केईएममध्ये डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी दिल्ली विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांबरोबर काम करून घडवली होती, याचा मला अभिमान वाटतो.

कॅन्सरमध्येही मान्यता मिळालेली नॅनो-औषधं आहेत. पुडीत बांधलेलं डॉक्सोरुबिसिन १९९५ पासून आहे, आणि अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ पासून. पुडीतलं आयरिनोटेकॅन २०१५ मध्ये स्वादुपिंडाच्या कॅन्सरसाठी आलं. यांचा सर्वांत ठळक फायदा आहे तो सोसण्यात. पुडीतल्या डॉक्सोरुबिसिनने हृदयाला होणारा त्रास कमी झाला (मात्र तळहात-तळपाय सोलवटण्याचा त्रास वाढला), पॅक्लिटॅक्सेलमधला ॲलर्जी उठवणारा द्रावक गेला. आतड्याच्या कॅन्सरसाठी मात्र असं एकही औषध आज प्रमाण-उपचारात नाही. आयरिनोटेकॅन आपण आतड्यासाठी रोज वापरतो, पण ते साध्या रूपात.

असं का, हे समजलं तर त्या पॅकेजचं मोल तुम्हीच ठरवू शकाल. ‘थेट गाठीत जातं’ या दाव्याचं मूळ १९८६ सालच्या मात्सुमुरा आणि माएदा या जपानी शास्त्रज्ञांच्या कामात आहे. गाठ घाईघाईने रक्तवाहिन्या बनवते, आणि घाईत टाकलेली पाइपलाइन गळते. मोठे कण निरोगी ऊतींत झिरपत नाहीत, गाठीत झिरपतात, आणि तिथे निचराही धड नसल्यामुळे साचून राहतात. कल्पना सुंदर आणि उंदरात दिसलेली. पण उंदराच्या कातडीखाली लावलेली गाठ दोन-तीन आठवड्यांत फुगते, तिच्या वाहिन्या गळक्याच असतात. माणसाची गाठ वर्षानुवर्षं वाढते, तिच्यात तंतूंचं दाट जाळं असतं, आतला दाब जास्त असतो. एका रुग्णाची गाठ गळकी, दुसऱ्याची नाही. त्याच रुग्णाचा एक डाग गळका आणि शेजारचा नाही, असंही होतं.

२०१६ साली टोरोंटोच्या वॉरेन चॅन यांच्या गटाने आधीच्या दहा वर्षांतले शंभराहून जास्त अभ्यास एकत्र मांडले. टोचलेल्या नॅनो कणांपैकी गाठीत पोचलेला वाटा होता ०.७ टक्के. हजारातले सात, आणि हेही उंदरांत! मोजण्याच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले. साधी केमो तरी गाठीत कुठे मोठ्या प्रमाणात पोचते, हा मुद्दाही रास्त आहे. पण ‘थेट गाठीत, बाकी कुठे नाही’ हे वाक्य त्या आकड्यापुढे टिकत नाही.

मग बाकीचे कण जातात कुठे? बहुतांशी लिव्हरमध्ये. इथे हुशार माणसंही फसतात, म्हणून नीट सांगते. तुमच्या मनात लगेच येईल की बाबांचे डाग लिव्हरमध्येच आहेत, मग चांगलंच झालं की! तसं होत नाही. कण गिळतात त्या लिव्हरच्या कुफर पेशी. रक्तात आलेला परका कण साफ करणं हे त्यांचं कामच आहे. कॅन्सरचा डाग म्हणजे त्या पेशी नव्हेत. आतड्याच्या कॅन्सरच्या डागांत रक्तपुरवठाही तोकडा असतो, सीटी स्कॅनमध्ये ते भोवतालच्या लिव्हरपेक्षा काळपट दिसतात ते त्यामुळेच. म्हणजे औषध चांगल्या लिव्हरमध्ये साठतं आणि डाग बाजूला राहतात. ज्या लिव्हरवर पुढे ऑपरेशन करायचंय तिच्यावर असा बोजा टाकायला मी कधीच तयार होणार नाही.

तोंडाने घ्यायच्या नॅनो कणांवरही खूप संशोधन चालतं. पेक्टिन, कायटोसान किंवा आम्लात न विरघळणारं आवरण चढवून कण मोठ्या आतड्यात उघडायचे. ही युक्ती चालते. अल्सरेटिव्ह कोलायटिस या मोठ्या आतड्याच्या सुजेच्या आजारावरच्या मेसालामाइनच्या गोळ्या अशाच आवरणावर वर्षानुवर्षं चालल्या आहेत. पण आतड्यातली गाठ सर्जन काढतो, आणि बाबांची निघालीच आहे. रुग्णाचा जीव धोक्यात येतो तो लिव्हर आणि फुप्फुसात गेलेल्या पेशींमुळे, आणि त्यांच्यापर्यंत आतड्याच्या आत उघडलेला कण पोचत नाही. या विषयावरचा एखादा लेख कुणी तुम्हाला पाठवला, तर तो आतड्यातल्या गाठीबद्दल आहे की पसरलेल्या आजाराबद्दल, हे आधी बघा.

नॅनो-कर्क्युमिनचंही तेच. हळदीतलं कर्क्युमिन आतड्यातून फारच कमी शोषलं जातं, नॅनो रूपात ते रक्तात जास्त दिसतं, इथपर्यंत खरं आहे. रक्तात दिसणं आणि कॅन्सर आटणं यांच्यामध्ये माणसांवरच्या चाचण्यांचा मोठा पल्ला आहे आणि तो कुणी पार केलेला नाही. स्वयंपाकातली हळद चालू ठेवा. कॅप्सूल मात्र केमोच्या काळात डॉक्टरांना न सांगता देऊ नका.

मला स्वतःला सर्वांत जास्त आशा वाटते ती वेगळ्या वाहनातून वेगळा माल नेण्याच्या प्रयत्नांची. कोविडच्या एमआरएनए लशी ज्या चरबीच्या कणांतून आल्या, तसल्याच कणांतून आरएनएचा छोटा तुकडा पेशीत न्यायचा आणि बिघडलेल्या केरासचा संदेश वाचला जाण्याआधीच कापायचा. याच तत्त्वावरचं पहिलं औषध, पॅटिसिरान, २०१८ मध्ये आलं. ते ज्या आजारासाठी आहे तो कॅन्सर नव्हे, आणि लक्ष्य लिव्हरच्या पेशी होत्या, जिथे हे कण आपोआपच जातात. गाठीच्या पेशीपर्यंत तो माल पोचवणं हेच कठीण काम उरलंय. जी१२डीवर असे प्रयोग मुख्यतः स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये सुरू झाले आहेत.

त्या ठिकाणी जाऊन तुम्ही कागदावर उत्तर मागा. पुडीत कुठलं औषध आहे, किती मिलिग्रॅम, आणि आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याला भारतात मान्यता आहे का. ते प्रयोग म्हणत असतील तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक आणि एथिक्स कमिटीची मंजुरी मागा. क्रमांक इंटरनेटवर कुणालाही तपासता येतो. २०१९ च्या नियमांनुसार चाचणीतल्या औषधामुळे रुग्णाला इजा झाली तर उपचार आणि भरपाई देणं बंधनकारक आहे, आणि खऱ्या चाचणीत प्रायोगिक औषधासाठी रुग्णाकडून लाखो रुपये घेतले जात नाहीत. साडेचार लाखांचं पॅकेज या एका कसोटीवरच गळून पडतं.

कळव्याचे एक काका चार वर्षांपूर्वी माझ्याकडे आले होते. लिव्हरमध्ये दोन डाग, ऑपरेशनची तारीख ठरायची बाकी. कुणीतरी असंच काही सुचवलं आणि ते चार महिने दिसलेच नाहीत. परत आले तेव्हा डाग नऊ होते, दोन्ही बाजूंना. मुलाने घरावर कर्ज काढलं होतं. त्या स्कॅनची फिल्म लाइटबॉक्सवर लावून मी किती वेळ गप्प उभी होते ते मला आठवतं. त्या मुलाला दोष देण्याचं माझ्या मनातही आलं नाही. वडिलांना त्रास होताना बघवत नाही, म्हणूनच मुलं अशी वाट धरतात. तुम्हीही त्याच कारणाने विचारताय.

म्हणून शेवटी त्या त्रासाबद्दलच बोलते. गार लागण्याचा हा झटका ऑक्सॅलिप्लॅटिनचा ओळखीचा परिणाम आहे, आणि बहुतेकदा काही दिवसांत ओसरतो. केमोनंतर आठवडाभर फ्रिजमधलं काही बाबांच्या हातात देऊ नका, प्यायला कोमट पाणी, पंख्याचा झोत थेट अंगावर नको, नळाचं पाणी गार असेल तर भांडी-आंघोळीला गरमच. बोटांची बधिरता पुढच्या सायकलपर्यंत टिकत असेल, शर्टाची बटणं लावता येत नसतील, तर ते सांगायला लाजू नका. डोस कमी करता येतो, ऑक्सॅलिप्लॅटिन काही काळ बाजूला ठेवून बाकीची केमो चालू ठेवता येते. ‘त्रास होतो म्हणून बंद’ आणि ‘बदल करून चालू’ यांत बाबांच्या बाबतीत फार मोठा फरक आहे.

आणि चौथ्या सायकलची वाट न बघता लिव्हरच्या सर्जनना आत्ताच दाखवा, ठाण्यात किंवा खारघरला, जिथे सर्जन, ऑन्कॉलॉजिस्ट आणि रेडिओलॉजिस्ट एकत्र बसून केस बघतात. सोबत केमोच्या आधीच्या सीटी किंवा एमआरआयची सीडी न्या. केमोने डाग कधी कधी इतके आकसतात की नंतरच्या स्कॅनमध्ये दिसतच नाहीत, आणि मग सर्जनला नेमकं कुठे कापायचं ते कळत नाही. गाठीचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तिचा तुकडा, हॉस्पिटलकडून लेखी पावती देऊन ताब्यात घ्या, जी१२डीची एखादी चाचणी सुरू झाली तर पहिल्यांदा तोच मागतील. खर्चाची अडचण असेल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या आरोग्यमित्राला हॉस्पिटलच्या काउंटरवर भेटा. रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवा.